उजव्या हाताची उजळणी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जानेवारी २०२२ मधली गोष्ट. सकाळच्या नमाजेआधी वजू करायला बसलो होतो. उजव्या हातात बदना होता. बदना म्हणजे तोटीचा लोटा. तो निसटला. उचलला, पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा उचलायला गेलो तर हात बदन्यापर्यंत पोचलाच नाही. रात्री अंगाखाली येऊन हात बधिर झाला असेल, असं वाटलं. बायकोला हाक मारली. ती आली आणि माझ्या तोंडाकडे पाहून तिनं भिंत धरली. ओठाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता आणि मी जे बोलत होतो त्यातलं एक अक्षर तिला कळत नव्हतं.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. कविता लिहितो, घरात दखनी बोलतो. वैद्यकाशी माझा संबंध रुग्ण म्हणूनच आला. तेव्हा मी आज बोलणार आहे ते डॉक्टरांचं व्याख्यान नव्हे. अर्धांगवायूनं गेलेला हात परत मिळवण्यासाठी जी मेहनत करावी लागते, तिच्याबद्दल आपल्या घरांत जे गैरसमज असतात, ते सगळे माझ्या घरातही होते. त्यांची किंमत मी मोजली. तेवढंच सांगायचं आहे.

शेजारच्या पोरानं रिक्षात घालून तासाभरात मला रुग्णालयात पोचवलं. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. ती विरघळवणारं इंजेक्शन असतं, पण ते झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि मेंदूत रक्तस्राव झालेला नाही हे आधी स्कॅन करून पाहावं लागतं. मला ते वेळेत मिळालं. नंतर भेटायला आलेल्यांपैकी एकानं पारव्याचं रक्त चोळायला सांगितलं, एकानं अमुक गावच्या झाडपाल्याचा पत्ता दिला. रागावण्यात अर्थ नाही, माणसं मायेनंच सांगतात. पण पहिल्या दिवशी जो रुग्णालयाऐवजी झाडपाल्याच्या गावाला जातो, त्याचे ते साडेचार तास एसटीतच संपतात.

वाचा महिनाभरात सुधारली. पाय आठवड्यातच जमिनीवर टेकायला लागला. हात मात्र पोत्यासारखा लोंबत राहिला. हातानंच असं काय पाप केलं होतं? ते मला समजावून सांगितलं आमच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी. वयानं त्या माझ्या लेकीएवढ्या, पण मी त्यांना ताईच म्हणतो आणि त्या मला काका म्हणतात.

मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराचा एक नकाशा आहे असं समजा. त्यात पाठीला, मांडीला थोडीशी जागा आणि हाताच्या पंजाला, अंगठ्याला, ओठांना, जिभेला मात्र भलं मोठं आवार. जिथं काम बारीक, तिथं जागा जास्त. मेंदूची मधली धमनी नेमकं याच आवाराला रक्त पुरवते आणि गुठळ्या अडकतात त्याही जास्त करून तिच्यातच. पायाचा बराचसा भाग दुसऱ्या धमनीच्या वाट्याला आलेला. म्हणून पुष्कळ रुग्ण काठी टेकत का होईना चालायला लागतात आणि हात मागे राहतो. शिवाय डावा मेंदू उजव्या अंगाचा कारभार बघतो. बहुतेकांची बोलण्याची पेठही डाव्याच बाजूला. माझं दुकान दोन्हीकडून बंद झालं ते त्यामुळे.

मेंदूचा जो भाग मेला तो मेलाच. मग हात परततो कसा? शेजारचा जिवंत भाग हळूहळू ते काम अंगावर घेतो. पण तो आपणहून घेत नाही, त्याला शिकवावं लागतं. अमेरिकेतल्या रँडॉल्फ नूडो या संशोधकानं १९९६ साली माकडांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. मेंदूला छोटीशी इजा झालेल्या माकडांना बारीक खळग्यांतून खाऊ उचलायला लावलं, तेव्हा पंजाच्या हालचालींचा नकाशा टिकून राहिला, काहींत शेजारी पसरलाही. ज्यांना असा सराव नव्हता, त्यांचा इजेच्या शेजारचा चांगला भागही हाताच्या कामातून गेला. ही दुसरी बाब मला पहिल्यापेक्षा जास्त घाबरवून गेली. हात नुसता पडू दिला तर जेवढं गेलं आहे त्याहून अधिक जातं.

आता खांद्याची गोष्ट, कारण पहिली चूक तिथंच झाली. खांद्याचा सांधा म्हणजे बशीवर ठेवलेला चेंडू. त्याला जागेवर धरून ठेवतात ते भोवतालचे स्नायू. ते ढिले पडले की हाताच्या वजनानंच चेंडू खाली घसरतो. खांद्याखाली बोट जाईल एवढी खाच पडते. माझा मेव्हणा अंगानं पैलवान आणि मनानं लोणी. त्यानं मला पलंगावरून उठवताना उजवा हात धरून ओढला. पुढचे तीन महिने खांदा रात्ररात्र ठणकत होता आणि दुखऱ्या खांद्याचा व्यायाम होत नाही. एका हितचिंतकानं तर दाराच्या चौकटीला कप्पी बसवून दिली होती, दोरी चांगल्या हातानं ओढायची की दुबळा हात वर जातो. ताईंनी आल्या दिवशी ती काढायला लावली. खांद्याची पाठीमागची फळी हलत नसताना हात असा वर खेचला की आतले स्नायू चिरडतात. रुग्णाला उठवताना हात ओढायचा नाही, काखेत हात घालून उचलायचं नाही. बसलेला असताना हात उशीवर ठेवायचा, झोपताना खाली लोंबू द्यायचा नाही. हे एवढं जरी कुणी पहिल्या दिवशी घरच्यांना सांगितलं असतं तर!

मालिशीबद्दलही तेच. माझी बहीण रोज तासभर तेल चोळायची. बरं वाटायचं, कातडी मऊ राहायची. पण मालीश करताना काम बहिणीचा मेंदू करत होता, माझा मजेत पडून होता.

पाचव्या आठवड्यात हातात थोडी जान आली आणि घरात आनंदीआनंद झाला. पण काय व्हायचं, ग्लासाकडे हात न्यायला जावं तर खांदा वर उचलला जाई, कोपर आपोआप दुमडे आणि मूठ घट्ट मिटे. सगळा हात एकगठ्ठा हाले. मला वाटलं, हे नवीनच दुखणं. सिग्ने ब्रुन्स्ट्रॉम या मूळच्या स्वीडनच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी अमेरिकेत वर्षानुवर्षं रुग्ण पाहून या प्रवासाचे टप्पे मांडले. १९७० साली त्यांचं त्यावरचं पुस्तक निघालं. आधी हात ढिला, मग ताठर आणि एकगठ्ठा, मग हळूहळू एकेक सांधा सुटा. म्हणजे माझी मूठ मिटणं हा वाटेतला मुक्काम होता. काहींचा प्रवास मात्र तिथंच थांबतो. पहिल्या काही दिवसांतच बोटं जराशी उलगडली आणि खांदा बाजूला उचलला गेला, तर पुढं हात कामाला येण्याची आशा चांगली असते, असं डॉक्टर सांगतात. माझी बोटं तेव्हा उलगडली नव्हती. अंगठा किंचित हलला होता, तेवढ्यावर आम्ही निघालो.

दरम्यान मी एक शहाणपण केलं. स्वीडनचे कवी टोमास ट्रान्सट्रोमर यांना १९९० साली अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचाही जवळजवळ गेली. ते डाव्या हातानं पियानो वाजवत राहिले, कविताही थांबली नाही आणि २०११ साली त्यांना नोबेल मिळालं. हे मला ठाऊक होतं. म्हटलं, आपल्यालाही डावा हात आहे. मी डाव्यानं लिहायला सुरुवात केली. दीड महिन्यात बऱ्यापैकी अक्षर आलं. एक कविता डाव्या हातानं लिहून मासिकाला पाठवली, छापून आली. मित्रांचे फोन आले. मी ते पान ताईंना अभिमानानं दाखवलं. त्यांनी वाचलं, चांगली आहे म्हणाल्या आणि विचारलं, ‘‘काका, डाव्या हाताला कविता शिकवताय. उजव्याला काय शिकवलंत या दीड महिन्यात?’’

मी गप्प. आणि एकट्या माझ्याच डाव्या हाताचं काय घेऊन बसलात, घरात माझे बारा हात झाले होते. बटण बायको लावायची, चपलेचा पट्टा नातू लावायचा, घास सून कालवून द्यायची. हात पुढं केला की, ‘‘तुम बैठो, मैं करती ना.’’ प्रेमच ते. नाही म्हणवत नाही. पण त्या प्रेमात माझा उजवा हात दिवसातून एकदाही कामाला लागत नव्हता.

याला त्या शास्त्रात नाव आहे. मराठीत आपण ‘न वापरण्याची सवय’ म्हणू. एडवर्ड टाउब या अमेरिकन संशोधकानं माकडांच्या एका हाताच्या संवेदनेच्या नसा तोडल्या. हालचालीच्या नसा शाबूत होत्या, म्हणजे हात हलू शकत होता. तरी माकडं तो वापरेनात. दोनचारदा फजिती झाली की दुसऱ्या हातानं भागवायला शिकत. मग त्यांचा चांगला हात बांधला, तेव्हा तो ‘मेलेला’ हात कामाला लागला. जाता जाता सांगतो, टाउब यांच्या सिल्व्हर स्प्रिंग इथल्या प्रयोगशाळेवर १९८१ साली पोलिसांची धाड पडली, माकडांचे हाल केल्याचा खटला झाला, शिक्षा पुढं अपिलात टिकली नाही. ती छायाचित्रं मी पाहिली आहेत. माझी बोटं आज हलतात त्यात त्या मुक्या जिवांचा वाटा आहे, हे मला विसरता येत नाही आणि ते बरोबर होतं असंही म्हणवत नाही.

टाउब यांनी पुढं हीच रीत माणसांसाठी आणली. २००६ साली अमेरिकेत तिची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. झटका येऊन तीन ते नऊ महिने झालेले २२२ रुग्ण. त्यांच्यातल्या एका गटाच्या चांगल्या हातावर दोन आठवडे मोजा चढवला, जागेपणीचा ९० टक्के वेळ, आणि दुबळ्या हाताकडून तासन्‌तास कामं करून घेतली. या गटाचा हात नेहमीच्या उपचारावरच्या रुग्णांपेक्षा जास्त सुधारला आणि वर्षभरानंतरही तो फरक टिकून होता. मात्र ही रीत सगळ्यांसाठी नाही. मनगट आणि बोटं थोडी तरी स्वतःहून वर उचलता येत असतील तरच. ज्याचा हात मुळीच हलत नाही त्याचा चांगला हात बांधला तर तो छळ झाला. झटका आल्यावर पहिल्या दिवसांतही अति जोर लावणं उलटू शकतं. आणि ज्याला काठी धरून चालावं लागतं त्यानं मोजा घालून चालू नये, पडायचा. हे घरच्या घरी, कुणी सांगितलं म्हणून करायचं काम नव्हे.

माझं मनगट तोवर थोडं उचललं जाऊ लागलं होतं. ताईंनी तपासलं आणि डाव्या हातात गरम पातेलं धरायचा जाड कापडी मोजा चढवायला सांगितला. रोज चार तास, खुर्चीत बसून. घरच्यांना दम दिला, काकांनी मदत मागितल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. पहिल्या दिवशी पोह्यांचे सहा घास पोटात गेले, बाकीचे सदऱ्यावर. बायको स्वयंपाकघरात जाऊन रडली, कारण समोर बसून बघवेना. मीही रडलो. मेंदूच्या दुखण्यात रडू लवकर येतं, त्याची लाज बाळगू नये.

हे सगळं कशासाठी, असं कुणी विचारील. चमचा डाव्या हातानं धरता येतो. पण आपल्याकडे उजव्या हाताचं काम नुसतं पोट भरण्याचं नसतं. एका वलिम्याला मी डाव्या हातानं जेवत होतो. शेजारी बसलेल्या, मला न ओळखणाऱ्या बुजुर्गांनी सगळ्यांसमोर टोकलं. माझा उजवा हात मांडीवर पालथा पडलेला दिसल्यावर ते ओशाळले. तोवर माझ्या घशात घास अडकला होता.

मोजा हा अर्धाच भाग. दुसरा अर्धा म्हणजे मोजदाद. कॅथरिन लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका-कॅनडातल्या सात ठिकाणच्या फिजिओथेरपीच्या बैठका बघून २००९ साली लिहिलं की, एका बैठकीत रुग्ण दुबळ्या हातानं कामाच्या हालचाली सरासरी फक्त ३२ वेळा करतो. प्राण्यांच्या प्रयोगांत हेच आकडे शेकड्यांत असतात. ताई आठवड्यातून तीनदा येणार, पाऊण तास बसणार. त्यात काय होणार? ‘‘मी फक्त वाट दाखवते,’’ त्या म्हणाल्या, ‘‘रोजचे तीनशे तुमचे.’’

हे तीनशे म्हणजे नुसते हात वरखाली करणं नव्हे. मेंदूला कामाचा उद्देश लागतो. हवेत मूठ उघड-मीट करण्यापेक्षा वाटी उचलणं त्याला जास्त शिकवतं. आमच्या सोलापूरचा टॉवेल जगभर जातो. माझा घरातच कामाला आला. टेबलावर नॅपकिन पसरायचा, त्यावर पंजा ठेवायचा आणि पुसल्यासारखा पुढं ढकलायचा, मागं आणायचा. पाठ वाकवून फसवायचं नाही, कोपर उलगडलं पाहिजे. मग कपडे वाळत घालायचे चिमटे डब्याच्या काठाला लावायचे. मग शेंगदाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत. ते जमले की तूरडाळ. सोपं झालं की लगेच थोडं अवघड करायचं, अवघडात रडकुंडीला आलं की एक पायरी खाली. प्रत्येक दहाला नातू कॅलेंडरवर रेघ मारायचा. पाच महिन्यांत, बुडालेले दिवस वजा जाता, चाळीस हजारांवर आकडा गेला. अब्बा यंत्रमागावर होते. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे, पाळी संपेपर्यंत. लहानपणी मला त्या कामाचा कंटाळा दिसायचा, कापड कधी दिसलं नाही.

ताईंच्या दवाखान्यात एक म्हातारी यायची, बार्शीकडची. तिच्या घरात सासऱ्यांसारखी उठबस करणारं कुणी नव्हतं. झटक्यानंतर दोन महिन्यांत तिला चुलीपुढं बसावं लागलं. मी तिला विचारलं, हात कसा आहे. म्हणाली, ‘‘भाकरी थापतीया. गोल व्हाया लागली, पर एका अंगाला जाड ऱ्हातीया.’’ बायका दुखण्यातून उठल्या की घर त्यांना लगेच कामाला जुंपतं, ही वाईट गोष्ट आहेच. पण पुरुषांना घर पलंगावरून उठूच देत नाही, तीही वाईटच.

आरशाचंही थोडं सांगतो, कारण त्यावर लोक हसतात. दोन हातांच्या मधे उभा आरसा ठेवायचा, दुबळा हात आरशामागं. चांगला हात हलवायचा आणि प्रतिबिंब बघायचं. मेंदूला भासतं की दुबळा हातच हलतोय. तामिळनाडूत जन्मलेले, अमेरिकेत स्थायिक झालेले व्ही. एस. रामचंद्रन यांनी ही युक्ती प्रथम तुटलेल्या अवयवाच्या वेदनेसाठी वापरली. पुढं ती अर्धांगवायूत आली आणि आता साठाहून अधिक अभ्यासांत तपासली गेली आहे. इतर व्यायामाच्या जोडीला तिचा उपयोग होतो. मी कपाटाचा जुना आरसा वापरला. पहिल्यांदा अंगावर काटा आला, माझा उजवा हात मला टाटा करत होता.

आणि महागड्या यंत्रांचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर यंत्रमानवाच्या मदतीनं हाताचा व्यायाम करून पाहिला. २०१९ साली निष्कर्ष आला, नेहमीच्या उपचारांपेक्षा हाताच्या कामात खास फायदा नाही. आपल्या गावात ते मशीन नाही म्हणून जीव जाळायला नको. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत फिजिओथेरपीचा विभाग असतो, तिथं चौकशी करावी. ताठरता फारच असेल तर स्नायूत इंजेक्शन देऊन ती उतरवता येते, पण त्यानंतरही व्यायाम चुकत नाही.

सगळं परत आलं का? नाही. हालचालींची सर्वांत वेगानं सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते, सहा महिन्यांनंतर गती मंदावते. मंदावते म्हणजे थांबते असं नाही. माझी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अजून अर्धं मिटलेलं असतं, थंडीत जास्त. पेनाला चिंधी गुंडाळून जाड केलं तर दहा ओळी लिहिता येतात, अकराव्या ओळीला अक्षर उतरंडीला लागतं. गेल्या वर्षी एका बँकेत माझी सही जुळेना. काउंटरवरच्या मुलानं तीनदा कागद परत केला. चौथ्यांदा म्हणाला, अंगठा द्या ना काका, सोपं पडेल. मी दिला नाही. नवी सही नोंदवायचा अर्ज मागितला, तो उजव्या हातानं भरायला पंचवीस मिनिटं लागली. मागं रांग कुरकुरत होती. नवी सही वाकडी आहे, पण ती दर वेळी तशीच वाकडी येते आणि बँकेला तेवढंच हवं असतं.

वजूचं राहिलं. त्यात आधी उजवा हात कोपरापर्यंत धुतात, मग डावा. डावा धुवायचा तर उजव्यानं पाणी घेऊन डाव्या कोपरापर्यंत चोळत न्यावं लागतं. ताईंना हे कळल्यावर त्यांनी तोच व्यायाम लावून दिला, दिवसातून पाच वेळा, पाणी असो वा नसो. कोपर उलगडतं, मनगट फिरतं, पंजा पसरतो, सगळं त्या एका हालचालीत आहे. बदना अजून डाव्या हातातच असतो, अर्धा भरलेला. उजव्यात पाव भरून धरतो, घड्याळ लावून. काल पंचेचाळीस सेकंद टिकला, मग नातवाच्या पायावर सांडला.